चुका, भाता आणि कॉम्प्रेसर



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही शंकराचार्य तरी घेऊ, नाहीतर स्पिनोझा तरी. आम्ही म्हटलं, विषय लिहून घ्या : घरगुती एअर कॉम्प्रेसर आणि खिळे मारायची गन. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानातलं काही नाही का?’ म्हटलं, आहे ना. त्याच्यात जेवढं तत्त्वज्ञान आहे तेवढं आम्ही पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं नसेल. (हशा)

‘आम्ही’ म्हणतोय म्हणून गैरसमज नको. आम्ही म्हणजे एकटेच. फळ्यासमोर उभं राहून लागलेली सवय आहे, ती आता पंचाहत्तरीच्या दाराशी सुटणार नाही.

गोष्ट अशी झाली. निवृत्तीनंतर नेरूळच्या घरात पुस्तकं वाढत गेली आणि भिंती तेवढ्याच राहिल्या. मांडण्या करून घ्यायच्या तर सुतार मिळेना. मिळाला तर एवढ्याशा कामाला येईना. शेवटी एक मिस्त्री आले, दोन दिवसांत काम उरकून गेले. त्या दोन दिवसांत आमच्या घरात हातोडीचा आवाज फारसा झालाच नाही. मधून मधून मोटर घरघरायची आणि मग नुसतं ‘फट्, फट्, फट्’. आम्ही सुताराच्या घरात जन्मलेले. हातोडीचा आवाज नसलेली सुतारकी आम्हाला इतकी विचित्र वाटली की पुढच्याच महिन्यात आम्ही स्वतः एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक गन घेऊन आलो. सौ. म्हणाल्या, ‘या वयात?’ त्यांचा मुद्दा बरोबरच होता, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हा इतिहास आमच्यासाठी तिथून सुरू होतो.

आमचं घराणं पनवेलचं. आजचं पनवेल म्हणजे तुम्हाला मॉल आणि एक्स्प्रेस-वे आठवतो. पण एकेकाळी पनवेलचं नाव बैलगाडीच्या चाकांसाठी होतं. ब्रिटिशांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येसुद्धा पनवेलच्या चाकांचा उल्लेख आहे. घाटावरची माणसं गाडीची चाकं इथून न्यायची. आमचे आजोबा आणि वडील चाकं करायचे. आता बैलगाडीच्या चाकात गंमत काय आहे, की एवढा भार वाहणारी वस्तू, पण तिच्यात खिळ्याचं काम जवळपास नाही. मधल्या गड्ड्यात आरे घट्ट बसतात, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर लाकडी पाटे बसतात, आणि सगळ्यावर लोखंडी धाव चढते. धाव तापवून लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची, आणि वर पाणी ओतायचं. धाव आवळते आणि अख्खं चाक एकजीव होतं. तापवायचं काम लोहाराचं, भात्यावर. म्हणजे दाबलेली हवा आमच्या धंद्यात होतीच, फक्त ती लोहाराकडे होती.

वडिलांचा एक विनोद होता. मराठीत बारीक खिळ्याला ‘चूक’ म्हणतात हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. तारेची ती तारचूक. वडील म्हणायचे, ‘चांगल्या कामात चुका कमी असतात.’ दोन्ही अर्थांनी. लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्या लाकडात तेवढीच खाच करायची, आणि एकात एक बसवायचं, ही खरी सुतारकी. वाकस, पटाशी, रंधा, गुण्या, भोक पाडायला दोरीचा सामता. चूक ठोकावी लागली म्हणजे सांधा जमला नाही.

हे दारिद्र्याचंही शास्त्र होतं, हे आम्हाला पुढे कळलं. हातानं घडवलेला खिळा महाग असायचा. लोहारानं एकेक खिळा भट्टीत तापवून, ऐरणीवर टोक काढून, वर डोकं ठोकून करायचा. अमेरिकेत जेकब पर्किन्सनं खिळे कापायच्या यंत्राचं पेटंट १७९५ साली घेतलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेपासून खिळे करायची यंत्रं पसरली, तेव्हा खिळा स्वस्त झाला. खिळा स्वस्त झाला की सांधा महाग वाटायला लागतो. ज्याला कोरायला अर्धा तास लागतो त्याच्याऐवजी चार चुका ठोकून मोकळं होता येतं. म्हणजे सुताराची विद्या पहिल्यांदा बाजूला सारली ती गननं नव्हे, तारचुकेनं. हे लक्षात ठेवा, कारण गनला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता वडिलांकडे परत. आधी रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रक आले. चाकं कोण घेणार? साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहत होते. यंत्रं, औषधं, रसायनं बाहेर पाठवायची म्हणजे लाकडी खोकी लागतात. वडील खोकी ठोकायच्या कामाला लागले. चाक करणारा माणूस खोकी ठोकायला लागला, आणि खोक्यात चुकांशिवाय काहीच नसतं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. सुटीत डबा घेऊन जायचो. एकदा बसून मोजलं होतं. एका खोक्याला शंभराच्या आसपास चुका, प्रत्येक चुकेला तीन-चार घाव. दिवसाला वीस खोकी धरली तर सहा ते आठ हजार घाव झाले. वडील पन्नाशीत आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सदरा घालताना आई मदत करायची. आम्ही त्याच सुमारास एम.ए.ला ‘श्रम आणि आत्मविष्कार’ या विषयावर निबंध लिहीत होतो. असो.

म्हणून मिस्त्रींच्या गनचा तो ‘फट्’ आवाज ऐकला तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न यंत्राचा आलाच नाही. हे वडिलांना का मिळालं नाही, हा प्रश्न आला. दाबलेल्या हवेचं ज्ञान तर जगाला केव्हाचं होतं.

किती आधीपासून, ते बघू. भाता तर फार जुना आहे, तो सोडून देऊ. पण हवा दाबली की ती उलट ढकलते, हे मोजून दाखवलं रॉबर्ट बॉईलनं. १६६० साली त्यानं हवेच्या ‘स्प्रिंग’वर पुस्तक लिहिलं आणि १६६२ साली त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत दाब आणि आकारमान यांचा नियम मांडला. आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट, तापमान तेच राहिलं तर. बॉईलचा पंप प्रत्यक्ष बनवला होता रॉबर्ट हूकनं, म्हणजे हाताचं काम करणाऱ्यानं. याच्यावर थॉमस हॉब्ज चिडला. त्याचं म्हणणं, हा पंप गळतो, आणि यंत्राच्या खेळांवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नसतं. आमची सगळी हयात हॉब्जच्या बाजूच्या लोकांत गेली. पण कॉम्प्रेसर घेतल्यापासून सांगतो, हॉब्जचा पहिला मुद्दा बरोबर होता. सगळं गळतं. पाइपाच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे येतातच.

आपल्याकडे वैशेषिकांनी वायूचा विचार केला तो वेगळ्या अंगानं. वायूला रूप नाही, म्हणून तो दिसत नाही. मग तो आहे हे कशावरून? स्पर्श होतो त्यावरून अनुमान करायचं, असं जुन्यांचं मत. नव्य-न्यायवाल्यांतले काही म्हणाले, अनुमान कशाला, त्वचेनं वायूचं प्रत्यक्षच होतं. हा वाद आम्ही वर्षानुवर्षं शिकवला आणि आमची मुलं वर्षानुवर्षं जांभया देत राहिली. त्यांच्यापुढे एक छोटा कॉम्प्रेसर ठेवायला हवा होता.

दाबलेल्या हवेला एक मोठं काम मिळालं ते डोंगरात. आणि इथे आपल्या अंगणातला इतिहास येतो, म्हणून जरा थांबू.

इथून खोपोलीकडे गेलं की बोरघाट. जी.आय.पी. रेल्वेनं १८५६ च्या जानेवारीत घाटातलं काम सुरू केलं. साधारण पंचवीस किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फूट चढण, २५ बोगदे. दगड कुठला, तर आपला काळा बेसाल्ट. पहार, छिन्नी, घण आणि सुरुंगाची दारू, एवढ्यावर ते बोगदे खोदले. एक माणूस छिन्नी धरणार, दुसरा घण घालणार, हातभर भोक पडलं की दारू ठासायची. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त माणसं एका वेळी कामावर होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्या आल्या आजारानं गेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं, ही हकिगत सगळे कौतुकानं सांगतात. पटकीनं आणि तापानं जे हजारो मजूर गेले त्यांची नावं कुठे नाहीत. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला.

आता त्याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं बघा. फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्सच्या पोटातून साधारण तेरा किलोमीटरचा बोगदा १८५७ साली सुरू झाला. तिथेही सुरुवात हातानंच होती. पण १८६१ पासून इटलीच्या बाजूनं, बार्दोनेक्किया गावाकडून, जर्मां सोमेये नावाच्या इंजिनिअरनं दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रं लावली. डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, नळांतून बोगद्यात न्यायची, तिथे यंत्र चालवायचं. वाफेचं इंजिन आत नेलं असतं तर माणसं धुरानं गुदमरली असती. इथे यंत्रातून सुटलेली हवा हीच माणसांच्या श्वासाला उपयोगी पडली. पंचवीस वर्षं लागतील असा अंदाज होता, १८७१ साली गाड्या सुरू झाल्या.

म्हणजे ज्या वर्षी बोरघाटात चाळीस हजार माणसं घण घालत होती, त्याच वर्षी आल्प्समध्ये हवा दगड फोडत होती. फरक कुठे पडला? तो बोगदा लांब आणि खोल, वरून विहिरी खणून मधल्या जागी काम सुरू करता येत नव्हतं, म्हणजे यंत्रावाचून इलाज नव्हता. हे एक कारण खरं. पण दुसरं कारण, आमच्या मते, साधं आहे. बोरघाटात माणूस स्वस्त होता. स्वस्त माणूस असला की यंत्राची निकड कोणाला भासत नाही. शंभर वर्षांनी त्याच सह्याद्रीत, त्याच बेसाल्टमध्ये, कोयनेचे बोगदे झाले तेव्हा हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं होती. १९६२ साली तिथून वीज आली. हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली निघाली, म्हणजे कॉम्प्रेसर इथेच बनायला लागले. वडील खोकी ठोकत होते ते या सगळ्याच्या नंतर. ज्या कारखान्यांसाठी ते खोकी ठोकायचे, त्यांच्या आत दाबलेल्या हवेचे नळ होते. खोक्याच्या शेडपर्यंत ते नळ कोणी आणले नाहीत.

गनचा स्वतःचा इतिहास त्यामानानं लहान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉवर्ड ह्यूजनं एक अवाढव्य लाकडी विमान बांधायला घेतलं. पंखांचा पसारा ३२० फूट. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या आणि गोंद वाळेपर्यंत दाबून धरायच्या, हा प्रश्न होता. मॉरिस पायनूस नावाच्या इंजिनिअरनं त्यासाठी हवेवर खिळे मारायचं यंत्र केलं असं सांगतात. खिळे मारायचे, गोंद वाळला की खिळे काढून घ्यायचे. ते विमान २ नोव्हेंबर १९४७ ला एकदाच, जेमतेम दीड किलोमीटर उडालं आणि पुन्हा कधी उडालं नाही. गन मात्र राहिली. १९५० साली ती अमेरिकेत विकायला आली. युद्धावरून परतलेल्यांसाठी लाखो लाकडी घरं बांधायची होती, मजुरी महाग होती. मिनिटाला चाळीस ते साठ खिळे मारणारं यंत्र कोणाला नको होतं?

या विमानाच्या गोष्टीत एक तांत्रिक मर्म आहे, आणि घरी गन वापरणाऱ्यानं ते पहिल्यांदा समजून घ्यावं. खिळा जोडत नाही, गोंद जोडतो. खिळा फक्त गोंद वाळेपर्यंत धरून ठेवतो. आपल्याकडे पूर्वी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. १९५९ साली फेव्हिकॉल आलं. पुढे प्लायवूड आलं. प्लायवूड, पांढरा गोंद आणि बारीक पिन, हे तिघं जमले तेव्हा आपल्या फ्लॅटांमधली सुतारकी बदलली. नुसत्या पिनांवर भरवसा ठेवून पुस्तकांची मांडणी केली तर ती कधीतरी रात्री दोन वाजता खाली येईल. आमची आली. सुदैवानं त्या फळीवर हेगेल होता, दुसरं कोणाचं नुकसान झालं नाही.

आता तुमच्यापैकी कोणाला घरी सुरुवात करायची असेल तर काय लागतं, ते सांगतो. कॉम्प्रेसर घरात आणायचा म्हणून घाबरू नका. तुमच्या फ्रिजच्या मागे तो आहेच. आणि जुन्या लोकलच्या डब्याखाली, गाडी वाशी स्टेशनात उभी असताना, एकदम धडधड सुरू व्हायची आणि थोड्या वेळानं आपोआप थांबायची, ती आठवते? तो ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरच. घरच्या कॉम्प्रेसरचंही तेच तंत्र. मोटर टाकीत हवा भरते, ठरलेला दाब झाला की बंद पडते, दाब उतरला की पुन्हा सुरू होते. योगाभ्यास करणाऱ्यांसाठी सोपं करून सांगतो : आत घेणं तो पूरक, टाकी म्हणजे कुंभक, आणि गन म्हणजे रेचक. फक्त हा रेचक फार जोरात होतो.

बारीक पिना मारायच्या असतील तर चोवीस-पंचवीस लिटरची टाकी आणि एक हॉर्सपॉवरच्या आतबाहेरची मोटर पुरते. गन एका फटक्याला थोडीच हवा घेते. रंगाचा स्प्रे चालवायचा असेल तर ती पुरणार नाही, तिथे सतत हवा लागते. तेल न लागणारा प्रकार घ्या. घरात तो बरा. गन कोणती? दुकानात ‘एफ-तीस’ मागा, ती तीस मिलिमीटरपर्यंतच्या बारीक पिना मारते. फर्निचरच्या कामाला सुरुवातीला तीच. तिच्यापेक्षा मोठी ‘टी-पन्नास’ आणि काँक्रीटमध्ये खिळे मारायची वेगळी. त्या दोन्ही आमच्या वयाच्या माणसानं लांबून बघाव्या.

दाब चार ते सात बारच्या मध्ये. एक बार म्हणजे साधारण एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. आकडा लहान वाटतो ना? गनमधला पिस्टन चार सेंटिमीटर व्यासाचा धरा, दाब सहा बार, तर त्याच्यावर सुमारे ७५ किलोचा जोर येतो. म्हणजे आमच्या वजनाचा एक प्राध्यापक त्या पिनेवर उडी मारतोय. आधी टाकाऊ तुकड्यावर कमी दाबानं मारून बघायचं, पिन वर राहिली तर थोडा दाब वाढवायचा.

आणि पाणी. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प टाकीत पाणी होऊन बसतं. आपली हवा तर पावसाळ्यात पिळून काढावी अशी. टाकीच्या तळाशी एक छोटी चावी असते. काम झालं की ती उघडून पाणी काढायचंच. नाहीतर टाकी आतून गंजते, आणि आतून गंजलेली टाकी बाहेरून अगदी छान दिसते. गंजून पातळ झालेली टाकी फुटते तेव्हा ती गोष्ट सांगायला जवळ कोणी नसावं. गनला जिथे हवेचा पाइप जोडतात त्या तोंडात हवेवरच्या अवजारांसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब, कामाला बसण्याआधी.

सोसायटीचं काय? आमच्या गटावर तिसऱ्याच दिवशी निरोप आला : ‘कोणाकडे गिरणी सुरू झाली आहे का?’ २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. शेजारच्या घरी काय पोचतं हे भिंतीवर आणि शेजाऱ्यावर अवलंबून. आम्ही कॉम्प्रेसरखाली जुनी गादी घातली आणि दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं कबूल केलं. भांडण मिटलं.

आता सौ.च्या मुद्द्याकडे. ‘या वयात?’ दुसऱ्या महिन्यात आम्ही प्लायच्या कडेला पिन मारत होतो आणि डाव्या हाताचं बोट कडेजवळ धरलं होतं. पिनेचं टोक छिन्नीसारखं चपटं असतं. आत एखादा कडक थर लागला की ती वळते आणि भलत्याच बाजूनं बाहेर येते. ती प्लायच्या अंगातून आली ती थेट आमच्या बोटात. त्या दिवशी आमचं नव्य-न्यायाकडे कायमचं मतांतर झालं. त्वचेनं प्रत्यक्ष होतं. अनुमानाची गरज नाही.

बोट बरं झाल्यावर त्याच मिस्त्रींना बोलावलं. ते आम्हाला ‘सर’ म्हणतात, आम्ही त्यांना ‘दादा’. वयानं ते आमच्या मुलाएवढे. त्यांनी गन हातात घेऊन दाखवलं. ‘सर, बोट पिनेच्या लांबीपेक्षा लांबच ठेवायचं. तीसची पिन हाय ना, मग बोट पन्नासच्या आत आणायचं नाय. आन् मूठ कडेला अशी आडवी धरायची, म्हंजे पिन वळली तरी कडेच्या लांबीत वळती, तोंडाबाहेर येत नाय.’ अडकलेली पिन काढताना आधी पाइप सोडवायचा, चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही, अंगावरचा भुसा हवेनं उडवायचा नाही. हे त्यांना कोणी शिकवलं, असं विचारलं. म्हणाले, ‘ज्याला लागलं त्यानं शिकवलं.’

अमेरिकेत सरकारनं २०११ साली कंत्राटदारांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात म्हटलंय की गनच्या दुखापतींनी वर्षाला सुमारे ३७,००० माणसं तातडीच्या विभागात येतात. घोडा दोन प्रकारचा असतो. एकात घोडा दाबून ठेवला की नळी टेकवत जायचं, जिथे टेकेल तिथे खिळा. दुसऱ्यात आधी नळी टेकवायची, मग घोडा दाबायचा, दर खिळ्याला नव्यानं. पहिल्या प्रकारात धोका साधारण दुप्पट, असं त्या पुस्तिकेत आहे. वेग मात्र पहिल्याचा जास्त. घरी काम करणाऱ्याला घाई नसते, त्यानं दुसरा घ्यावा. पण ज्याला नगावर पैसे मिळतात तो कोणता घेईल?

इथे गांधी आणि आंबेडकर दोघांनाही बोलावणं भाग आहे. १९२४ साली गांधीजींना विचारलं गेलं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगरनं बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या ग्रंथात गांधीवादावर लिहिताना हा सगळा विचारच फेटाळला. माणसाला मोकळा वेळ यंत्रामुळेच मिळतो आणि मोकळ्या वेळेशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्रात नाही, यंत्राचा फायदा कोणाला मिळतो त्या समाजरचनेत आहे, असा त्यांचा युक्तिवाद. आम्ही तरुणपणी गांधींकडे झुकलेले होतो. वडिलांचा सदरा आठवला की आता आम्ही बाबासाहेबांच्या बाजूला बसतो. पण त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सोडून देऊन नव्हे.

कारण तो दुसरा भाग आमच्या शेजारीच दिसतो. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्यासाठी आणि शहरासाठी उरण-पनवेलच्या गावांनी जमिनी दिल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईकडे आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, हे इथे कोणाला सांगायला नको. कंटेनरमध्ये माल भरायचा म्हणजे लाकडी पॅलेट लागतात. २००२ सालापासून आंतरराष्ट्रीय नियम असा की असं लाकूड मान्य प्रक्रिया केलेलं, उदाहरणार्थ गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमानात अर्धा तास तापवलेलं, असलं पाहिजे आणि त्याच्यावर तसा शिक्का पाहिजे. उरण, पनवेल, तळोजा या पट्ट्यात पॅलेट बनवणाऱ्या शेड आहेत. एका शेडमध्ये आम्ही मागच्या वर्षी ओळखीनं गेलो. वडिलांचीच शेड, फक्त पत्रे नवे. तीच खोकी, तसेच उभे राहिलेले लोक. हातात गन, गनला गुंडाळी केलेले खिळे, छतावरून खाली आलेला हवेचा पाइप. खांदा कोणाचाही वर-खाली होत नव्हता. ते बघून आम्हाला बरं वाटलं, हे कबूल करतो. खूप बरं वाटलं.

मग एका पोराला विचारलं, दिवसाला किती होतात? त्यानं आकडा सांगितला, तो वडिलांच्या वीस खोक्यांच्या कितीतरी पट होता. म्हटलं, मग पगार? तो हसला. कानात काही नव्हतं, चष्मा कपाळावर होता, आणि गन पहिल्या प्रकारची, टेकवत जायची. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर पांढरा व्रण होता, आमच्यासारखाच. आम्ही आमचं बोट दाखवलं. त्यानं विचारलं, ‘काका, तुम्ही कुठल्या शेडला होता?’

आमचे मिस्त्रीही हेच सांगतात, दुसऱ्या शब्दांत. पूर्वी एका फ्लॅटचं फर्निचर करायला चार माणसं महिनाभर लागायची, आता दोघं करतात. दर चौरस फुटावर ठरतो. गन आली तेव्हा पहिल्या वर्षी त्यांना फायदा झाला, कारण काम लवकर आणि दर जुना. मग सगळ्यांकडे गन आली आणि ठेकेदारानं दर हलवला. गन त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतली होती. पण हातोडीवर परत जाल का, असं विचारलं तर म्हणाले, ‘येड लागलंय का सर?’

वडील १९८७ साली गेले. त्यांची हातोडी आमच्याकडे आहे. दांडा त्यांनीच बाभळीचा बसवलेला, अंगठ्याच्या जागी झिजलेला. नवी मांडणी केली तेव्हा वरच्या दोन फळ्या आम्ही पिना न मारता, खाच पाडून बसवल्या. दोन्ही तिरक्या आहेत. खालच्या पाच गननं केल्या, त्या सरळ आहेत. सौ. म्हणतात, पाहुणे आले की वरच्या फळ्यांपुढे उभे राहत जा.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ, पण त्याआधी दोन मिनिटं द्या. सकाळी टाकीतलं पाणी काढलं की नाही ते आठवत नाहीये, घरी एक फोन करतो.